दादूसचे मैल

कुठलाही कागद समोर आला की दादूस तो आधी पालथा घालायचा. वाचायचाच नाही. टेबलावर उलटा ठेवून त्यावर आपला रुंद पंजा दाबायचा आणि समोरच्याला म्हणायचा, "राहू दे. तुमचा दुसरा कागद येव दे, मंग बघू." समोर बँकेचा माणूस असो, विम्याचा असो, नाहीतर आमच्याच ऑफिसातली एचआरची सदा हसरी मुलगी असो, उत्तर एकच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे हात वर झाले तरी ज्यांचे हात मांडीवरच असतात, ती. मला त्यांचा भयंकर राग येतो. मुळात मला राग लवकर येतो आणि आला की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही, हे आमच्या ऑफिसात कुणीही सांगेल. पण दादूसवर चिडायला बसले की माझा राग हमखास दुसऱ्याच कुणावर तरी जाऊन पडतो. आता तो आमच्या ऑफिसात नाही. मध्यंतरी नोकरी सोडून द्रोणागिरीच्या एका शीतगोदामात लागला. तिथे विमानाने कुठे जावं लागत नाही, आणि तेच त्याला हवं होतं. त्याची रिकामी खुर्ची रोज समोर दिसते आणि मी रोज नव्याने चिडते.

आमची कंपनी शीतगृहांचे मोठे कॉम्प्रेसर बसवते आणि बिघडले की दुरुस्त करते. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींमध्ये आमचं दोन मजल्यांचं जुनं ऑफिस अंग चोरून उभं आहे. दादूस तिथला सर्वांत जुना सर्व्हिस इंजिनीअर आणि मी सगळ्यांची तिकिटं काढणारी. गुवाहाटीला मासळीचा कारखाना बंद पडला, रायपूरला आइस्क्रीमचं गोदाम तापलं, की साहेब ओरडायचे, "दादूसला पाठवा!" त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं. आगरी लोकांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात. आम्ही साताऱ्याकडचे, कोकणातले, एक तमिळ अकाउंटंट, सगळे त्याला तेच म्हणायचो. मला तो 'बाय' म्हणायचा. त्याच्या बोलीत उडायचं ते 'उरायचं' व्हायचं.

विमानात जाताना तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि हातातल्या बॅगेत त्याच्या आयसने, म्हणजे आईने, दिलेली सुक्या जवळ्याची चटणी असायची. एकदा त्याने ती विमानात उघडली. शेजारच्या टाय लावलेल्या माणसाने घंटी दाबली. हवाई सुंदरी आली आणि नाकाशी हात नेत म्हणाली, "सर, हा वास कसला?" दादूस म्हणाला, "वास नाय ताई, जवला हाय. घेता का थोरा?" तिने तो घेतला आणि मागे जाऊन खाल्ला, असं तो शपथेवर सांगायचा. टायवाल्याने काय केलं, हे विचारलं की म्हणायचा, "त्याना नाय दिला."

तिकिटाच्या बाबतीत त्याची एक अट असायची. विमान कंपनी नेहमी तीच. दुसऱ्या कंपनीचं विमान सोयीच्या वेळेला असलं, स्वस्त असलं, तरी त्याला नको. त्यापायी तो भलत्या वेळी घरून निघायचा, विमानतळाच्या बाकावर पेंगत बसायचा, पण कंपनी बदलायचा नाही. "बाय, माजा नंबर टाकलास ना?" हे तो इतक्या वेळा विचारायचा, की मी त्याच्या तोंडावर चिडून दार आपटल्याचंही मला आठवतं.

नंबर म्हणजे त्या कंपनीच्या सदस्यत्वाचा. जितकं उडाल तितके मैल तुमच्या नावावर जमा होतात आणि पुरेसे साठले की त्या बदल्यात फुकट तिकीट मिळतं. ऑफिसातली बाकीची मुलं साठले की लगेच बँकॉक गाठायची. दादूसने मात्र एक मैलसुद्धा कधी खर्च केला नाही. मी एकदा विचारलं, "अंड्यांवर बसल्यासारखे बसलाय तुम्ही त्या मैलांवर. करणार काय त्यांचं?"

तेव्हा तो म्हणाला, "आमच्या गावावर विमानतल होतोय ना, तो चालू होव दे. आयसला तिथशी उरवीन. आयस, बायको आनि मी. तिकीट नाय काढनार."

"का? एवढं काय महाग असतं तिकीट?"

"आमच्याच जमिनीवरशी उराला आमीच पैसं देव?"

त्या दिवसापासून त्याचा नंबर मी दोनदा तपासून टाकायला लागले.

त्याचं गाव पनवेलजवळ, खाडीच्या काठाला. आता नाही. गावामागची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, भातखाचरं भरावाखाली गेली, लोकांना दुसरीकडे भूखंड मिळाले. दादूसचं घर करंजाड्याला आलं. पहिली नोटीस आली तेव्हा देवळापुढे सभा बसली आणि जुन्या माणसांनी सगळ्यांना बजावलं, की पहिल्या कागदावर कुणी संमती द्यायची नाही. पहिला कागद नेहमी कमी देतो. धरून ठेवा, मग दुसरा येईल, त्यात वाढवून देतील, मग तिसरा. याआधीच्या भूसंपादनात हे लोक याच रीतीने तगले होते. मोर्चे काढून, रस्त्यावर बसून त्यांनी एकेक गोष्ट वाढवून घेतली होती. दादूसच्या पिढीला चालायला शिकवतात तसं हे शिकवलेलं होतं.

आणि पहिल्याच कागदावर सही केली ती दादूसच्या बापाने.

ही गोष्ट दादूसने मला एकदम कधी सांगितली नाही. विमान चुकलं, गाडी उशिरा आली, असं काही झालं की फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगायचा. झालं होतं एवढंच, की एक तरुण अधिकारी त्यांच्या घरी आला. ओट्यावर बसला, चहा प्यायला, म्हाताऱ्याला 'काका' म्हणाला, भाताच्या पिकाची चौकशी केली. आणि मग पिशवीतून कागद काढला. म्हाताऱ्याला नाही म्हणवेना. "घरी आलेला मानूस. त्याना नाय कसा बोलू?" एवढंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. त्याच्यामागून ज्यांनी धरून ठेवलं त्यांना भूखंड चांगल्या जागी मिळाले, असं गावातले म्हणत. खरं किती ते मला माहीत नाही. पण दादूसने त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका पंगतीला जेवून. म्हातारा करंजाड्याच्या नव्या घरातच वारला.

"शेवटी तरी बोललात का?" मी विचारलं होतं.

"नाय," दादूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बापाची ती सही दादूसच्या अंगात भिनली होती. आमच्याकडे हजेरीचं नवं ॲप आलं, 'मी सहमत आहे' दाबा म्हणून एचआरची मुलगी मागे लागली. सगळ्यांनी दाबलं. दादूसने मोबाइल पालथा घातला. नंतर कळलं, की त्या सहमतीत साइटवरचा भत्ता कमी करायचं कलम गुपचूप घातलेलं होतं. दादूसने धरून ठेवलं, त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं अडले आणि कंपनीने कलम काढून टाकलं. त्यानंतर चार दिवस तो ऑफिसात छाती काढून चालत होता.

हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी तर त्याने कमाल केली. हिरवा गाऊन घालून गडी स्ट्रेचरवर आडवा, आणि नर्सने संमतीचा फॉर्म पुढे केला. हा पठ्ठ्या म्हणतो, "दुसरा कागद आना." सर्जन बाहेर येऊन ओरडले. बायको रडायला लागली. शेवटी आयस पुढे झाली आणि म्हणाली, "पोट तुजा हाय, जमीन नाय. कर सही." तेव्हा कुठे त्याने पेन हातात घेतलं. हा प्रसंग त्याची बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगायची.

आता माझ्या रागाकडे येते.

एके दिवशी बातमी आली, की दादूसची विमान कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत विलीन होणार. पाठोपाठ मेल आला. दादूसचं सदस्यत्व ऑफिसच्या पत्त्यावर होतं, म्हणून तो मलाही दिसला. 'आनंदाची बातमी' असा मथळा, खाली ढगांवर तरंगणारं एक हसरं कुटुंब. आपले मैल आता नव्या कुटुंबात येत आहेत, त्यासाठी कृपया खालील बटण दाबून संमती द्या. एवढं सगळं इंग्रजीत, आणि मुदतीची ओळ तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत.

मी त्याला जागेवरून हाक मारली. "दादूस, हे दाबा आत्ताच्या आत्ता."

त्याने मेलवर नुसती नजर टाकली. ढगांवरचं कुटुंब बघितलं. मग माझ्या हातातला मोबाइल घेऊन टेबलावर पालथा घातला. "पयला हाय," तो म्हणाला. "येव दे दुसरा."

"अहो, ही जमीन नाहीये! ते भाव वाढवून देणार नाहीत!"

"बाय, त्यांना माजी संमती पायजे म्हंजे माज्याकं काय तरी हाय. नाय तर कशाला इचारतील?"

काही दिवसांनी आठवण करून देणारा दुसरा मेल आला. दादूसचा चेहरा उजळला. "बघ. आली ना लायनीवर." मी हात जोडले, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पण मला खरंच वाटतं, की तो त्या वेळी आमच्या ऑफिसात नव्हताच. तो देवळापुढच्या त्या सभेत बसला होता आणि या खेपेला त्याच्या घरातून कुणी आधी सही करणार नव्हतं. तिसऱ्या मेलची तो वाट बघत राहिला. कुणीतरी साहेब भेटायला येईल, मीटिंग लागेल, बोलणी होतील, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "कोण येणार भेटायला? ते एक मशीन आहे, दादूस. मशीन मेल पाठवतं."

तिसरा मेल आला तो असा, की मुदत संपली असून आपल्या खात्यात शून्य मैल आहेत. खाली पुन्हा तेच कुटुंब, तसंच हसत.

तुम्ही म्हणाल, चूक त्याचीच होती. आमच्या साहेबांनीही हेच म्हटलं, तमिळ अकाउंटंटनेही म्हटलं. मी नाही म्हणत. माणूस वर्षानुवर्षं तुमच्या विमानांत बसतो, पाय दुमडून, तुमचं ते रबरी सँडविच खाऊन, आणि त्याच्या नावावरची गोष्ट त्याची राहावी म्हणून त्याने बटण दाबायचं? न दाबल्यास ती तुमची? त्याने काही मागितलं नव्हतं. तुमचं लग्न तुम्ही ठरवलंत, आणि वऱ्हाडाच्या खिशातले पैसे काढून घेतलेत. 'ग्राहकाच्या सोयीसाठी' म्हणे! हे शब्द वाचले की माझं आजही डोकं फिरतं.

मी हेल्पलाइन लावली. बासरी वाजायला लागली. एक दाबा, दोन दाबा, पुन्हा बासरी. मधूनमधून एक बाई लाडाने सांगायची, की आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है. रोज जेवणाच्या सुट्टीत मी आणि दादूस स्पीकर लावून बसायचो. फोन उचलणारी पोरं गोड बोलायची आणि पोपटासारखं एकच वाक्य म्हणायची, "सर, सिस्टम में ऑप्शन नहीं है." दादूस शांतपणे विचारायचा, "तुमच्या सायबांना कवा भेटता येल?" पलीकडे पुन्हा बासरी.

एक दिवस असं बोलणं चालू असताना फोनमध्ये कर्कश भोंगा वाजायला लागला. आगीच्या कवायतीचा असतो तसा. आणि त्याच वेळी आमच्या खिडकीतूनही तसाच भोंगा ऐकू आला. मी आणि दादूस एकमेकांकडे बघत राहिलो. फोनवरचा मुलगा घाईघाईने "सर, इमर्जन्सी है, बाद में" असं म्हणून गेला, आणि रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतून गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं-पोरी रांगेने बाहेर यायला लागली. ज्या सिस्टममध्ये ऑप्शन नव्हता ती सिस्टम आमच्या चहाच्या टपरीसमोर होती.

मी तशीच खाली उतरले. गेटवरच्या रखवालदाराने अडवलं. "इधर कस्टमर अलाऊड नहीं है, मॅडम. पाटी पन नाय बघा, कुनाचं ऑफिस हाय ते आमाला पन म्हाइत नाय." मी त्याच्याशी भांडले, त्याच्या सुपरवायझरशी भांडले, माझा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दादूस त्या गेटसमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. घोषणा नाही, फलक नाही. भाकरी आणि जवळा खाल्ला, हात धुतले, सुट्टी संपल्यावर परत आला. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याला बसणं येत होतं. त्याच्या गावातल्या माणसांनी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

आधी रखवालदार हसले. मग त्याच्याशी बोलायला लागले. मग टपरीवर चहाला येणारी ती पट्टेवाली पोरं थांबून विचारायला लागली, की काका, तुम्ही इथे रोज का बसता. दादूस प्रत्येकाला सगळी हकिगत सांगायचा, न चिडता, एकच शब्द न बदलता. ती ऐकून एक मुलगी रडली, असं मला टपरीवाल्याने सांगितलं. तिचंही घर कुठल्याशा गावठाणात होतं. पुढे तिने काय हलवलं, कुणाला सांगितलं, माहीत नाही. पण एक दिवस मेल आला. मशीनचा नव्हता. खाली माणसाचं नाव होतं. आपल्या दीर्घ निष्ठेची कदर म्हणून सद्भावनेने निम्मे मैल परत देत आहोत. अट एकच. यापुढे या बाबतीत कुठलीही तक्रार करणार नाही, अशी संमती द्या.

निम्मे! त्याचेच मैल, आणि त्यालाच सद्भावना! मी तो मेल वाचून टेबलावरचा स्टेपलर भिंतीवर फेकला. त्याची खूण अजून आहे. दादूस मात्र खूश होता. "बघ बाय. आला ना कागद? आता अजून बसतो. पुरे देतील."

एव्हाना विमानतळ सुरू झाला होता. करंजाड्याच्या गच्चीवरून विमानं दिसायला लागली होती. आणि दादूसची आयस झपाट्याने थकत चालली होती. जिना चढताना दोनदा बसायची. मी म्हटलं, "दादूस, मी काढते त्यांचं तिकीट. सगळं ऑफिस काढेल. तुम्ही एक पैसा देऊ नका." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते परत कधी बोलले नाही.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. जिताडा माशाचं कालवण होतं आणि तांदळाच्या भाकरी. आयस भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी, पण आवाज खणखणीत. जेवणं झाल्यावर मी मुद्दामच तो विषय काढला. दादूस म्हणाला, "अजून दोन म्हयने बसलो ना, तर..."

"तर काय?" आयस म्हणाली. "दोन म्हयने मी हाय का?"

"असा नको बोलू."

"मंग कसा बोलू? मना कुनी इचारला? तुज्या बापसानं दिली संमती, तवा मना नाय इचारला. आता तू नाय देत, तवा पन मना नाय इचारला. तो मान टाकून मेला, तुज्या तोंडाकं बघत बघत. तू एक शब्द नाय बोललास त्याच्याशी. का? तर सही केली. आता तुजी सही अरली हाय, आनि मी इथं बसून इमानां मोजू?"

दादूसची बायको स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी ताटातल्या काट्यांकडे बघत होते. मग आयस एकदम मऊ झाली. म्हणाली, "मना सगला पायजे असा मी कवा बोललू रे? मना एकदा वरशी बघायचा हाय. अर्ध्यात होतंय ना, अर्ध्यात बघू."

दादूस उठला, शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला. मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी त्याला कुठलाही कागद वाचताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वाचून झाल्यावर त्याने अंगठा बटणावर ठेवला, दाबला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि गॅलरीत निघून गेला. जाताना तो कुणाकडेच बघत नव्हता.

पण नव्या कंपनीचा नवा तक्ता होता, आणि त्यात जुन्या मैलांची किंमत आणखी घटलेली. निम्म्या मैलांत तिघांची तिकिटं सोडाच, दोघांचीही बसेनात. एकच बसलं. मी पुन्हा पुन्हा तारखा बदलून पाहिल्या, शिव्या दिल्या, पण एकच. दादूस म्हणाला, "आयसचा काढ." मी म्हटलं, "आणि तुम्ही? त्या एकट्या कशा जातील?" तो म्हणाला, "मी पैसं देवून नाय बसनार तिथं. तू जा बाय तिच्यासंगती." म्हणून मी माझं तिकीट माझ्या पैशाने काढलं. गोव्याला विमानाने जायचं आणि रेल्वेने पनवेलला परतायचं, असं ठरलं.

आयसने हिरवं नऊवारी नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती. दादूस आम्हाला प्रवेशद्वारापर्यंत सोडायला आला. छताकडे, काचांकडे त्याने पाहिलं नाही. तिची पिशवी माझ्या हातात दिली, तिच्या पायांतल्या चपलेचा पट्टा वाकून घट्ट केला आणि म्हणाला, "मी भाएर रस्त्यावर उभा ऱ्हातो. इमान जाईपर्यंत." ती म्हणाली, "घरी जा, उन्हाचा." तो मान हलवून गेला, पण घरी जाणार नाही हे आम्हाला दोघींना कळत होतं.

आत ती कशालाच बिचकली नाही. मधल्या एका चकचकीत जागी मात्र थांबली आणि फरशी बघत म्हणाली, "इथं कुठं तरी आमचा चिकू होता." मागून येणाऱ्या माणसाची ट्रॉली आम्हाला लागली. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तिला खिडकीची जागा मिळाली होती. विमान पळायला लागलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि जमीन सुटल्यावर सोडलं. मग ती काचेला कपाळ लावून बसली. खाली खाडी होती, भराव होता, सपाट करड्या जमिनीचे चौकोन होते. मला कुठलं काय ते ओळखू येत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, तुमचं गाव या बाजूला असणार बघा. ती खाडी वळते ना, तिथे."

"गाव नको गो," ती काचेवरून न हलता म्हणाली. "माज्या पोराला बघतंय मी."

एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही, हे तिला कशाला सांगायचं? विमान एका अंगावर कललं, रस्ता काचेत येऊन परत सरकला.

"दिसला," ती म्हणाली.

"काय करतायत?"

"मान खाली घालून उभा हाय." तिने पदराने काच पुसली आणि पुन्हा कपाळ टेकवलं. "ओट्यावर सही करून आत आला तवा याचा बापूस पन असाच उभा होता."